भावेशचा वाटा

५ जानेवारी, सोमवार

आले बाबा एकदाची परळला! तिसरा मजला, लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये शिरताना किर्तीने माझा हात असा काही धरला होता की मीच तिची लेक वाटावी. म्हटलं सोड गो, चाळीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन माहीम पालथं घातलेली बाई आहे मी, पळून नाही जात. ती हसली आणि मग लिफ्टच्या आरशाकडे तोंड करून डोळे पुसले. माझ्या लेकीला वाटतं मला दिसत नाही.

ही वही इथल्या अपूर्वा मॅडमनी दिली. त्या माझ्या डॉक्टर. नव्वद दिवस या घरात राहायचं, त्यांच्या संस्थेतल्या काळजाच्या पेशंटांसाठीच हे घर आहे, आणि काय खाल्लं, किती चाललात, कसं वाटलं ते या वहीत लिहायचं. मी विचारलं, खरं लिहू की चांगलं लिहू? म्हणाल्या, खरंच लिहा. मग ठीक आहे. कोळीवाड्यात कुणालाही विचारा, पुतळाबाईच्या तोंडाला कुलूप नाही. दहावी शिकलेय, निबंधात पहिली यायचे, तेव्हा हातालाही नाही.

खोली छान आहे. खिडकीतून करी रोडचे टॉवर दिसतात, एकाहून एक उंच, वर राहणाऱ्यांना मासेवालीची हाक कशी ऐकू जात असेल देव जाणे. स्वयंपाकघर दोघांत एक. दुसरे म्हणजे कोंडीरामदादा. त्या टॉवरांच्या मागच्या चाळीतले, महापालिकेच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. माझ्या आधी तीन आठवडे आलेत. त्यांच्या शर्टाच्या खिशात बायकांचा चष्मा असतो. बायकोचा. सुंदराबाई चार वर्षांपूर्वी गेल्या, पण यांच्या दर तिसऱ्या वाक्यात अजून हजर. चहा गाळताना सुंदरा असं म्हणायची, बटण लावताना सुंदरा तसं म्हणायची. मला माणूस आवडला.

६ जानेवारी, मंगळवार

आज मशीनमध्ये घालून फोटो काढले. अपूर्वा मॅडमनी पडद्यावर माझं काळीज दाखवलं. वरचा भाग चांगला उडत होता, खालचा तसाच पडून होता. म्हणाल्या, हा व्रण, एकतीस टक्के, हे मांस मेलेलं आहे. मी म्हटलं, मेलेलं नाही, तो माझा भावेश आहे. त्यांना कळलं नाही. म्हणून इथे लिहिते.

भावेश माझा मुलगा, किर्तीपेक्षा दोन वर्षांनी मोठा. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं, ते सोडवायला पाण्यात उतरला तो वर आलाच नाही. सव्वीस वर्षांचा होता. पाच जण गेले, चार जण आले. किनाऱ्यावर उभ्या उभ्याच माझ्या छातीत कळ आली. बाया म्हणाल्या, आईचं काळीज आहे, फाटणारच. मी पण तेच म्हटलं. तीन दिवस छाती धरून रडले, आणि वाड्यात एकालाही कळलं नाही की हा खराखुरा हार्ट अटॅक आहे. दुसरी कुणी असती तर तासाभरात दवाखान्यात नेली असती. मला सगळ्यांनी पाणी पाजलं आणि पाठीवरून हात फिरवला. त्या तीन दिवसांत मांस मेलं.

त्याचं काहीच सापडलं नाही, म्हणून मी दहावं-बारावंही केलं नाही. घरातली माणसं रागावली, रागावू देत. बाजारात बारीक मासळी वजनावर नाही विकत आम्ही, फळीवर वाटे लावतो. मी रोज एक वाटा जादा लावते. गिऱ्हाईक विचारतं, हा केवढ्याला? मी सांगते, त्याचा मालक यायचाय. दुपारी उठताना मांजरांना घालते.

इथेही लावला. बिनमिठाचं कालवण केलं होतं (मेलं ते पथ्य!), त्यातली एक तुकडी ओट्यावर ताटलीत काढली. कोंडीरामदादांनी बघितलं आणि ताटलीवर झाकण ठेवलं. म्हणून म्हटलं माणूस आवडला.

९ जानेवारी, शुक्रवार

झालं. मांडीतून बारीक नळी घालून काळजापर्यंत नव्या पेशी सोडल्या. मी जागीच होते. अपूर्वा मॅडम सांगत होत्या, एक मासा असतो, अंगावर पट्टे असलेला, बोटाच्या पेराएवढा. त्याच्या काळजाचा तुकडा कापला तरी दोन महिन्यांत परत उगवतो, व्रणसुद्धा राहत नाही. त्याच्यावरून हे शिकलो म्हणे. मी म्हटलं, पेराएवढा? त्याचं कालवणही नाही व्हायचं! सगळे हसले. मग म्हटलं, मॅडम, मुशी मासा कापून काळीज फळीवर ठेवलं तरी कितीतरी वेळ उडत राहतं, ते मी लहानपणापासून बघतेय, मला विचारलं असतंत तर आधीच सांगितलं असतं.

आता रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला एकेक गोळी. पेशी परक्या आहेत, गोळी चुकली तर शरीर त्यांना मारून टाकेल. सिस्टर संघमित्रा गोळ्या देते. पोरगी गुणाची आहे, पण शिस्त अशी की पोलिसात शोभेल.

१७ जानेवारी, शनिवार

जिना चढले! तिन्ही मजले, न थांबता. वर येऊन कोंडीरामदादांना म्हटलं, चला, लालबागपर्यंत जाऊन येऊ. ते म्हणाले सुंदराला पण चालायला, आणि तिथेच थांबले. वाक्य पुढे गेलंच नाही. मग म्हणाले, चला.

एक गंमत. फोटोच्या वेळी नाकातली चमकी काढून ठेवली होती. आज घालायला गेले तर भोकच नाही. पन्नास वर्षांचं भोक! उजव्या आंगठ्यावर कोयत्याची खूण होती, तीही गेली. सिस्टरला दाखवलं तर म्हणाली, वा, तब्येत सुधारतेय. म्हटलं, अगो पण कोळणीच्या नाकात चमकी नसेल तर गिऱ्हाईक ओळखेल का? जाऊ दे. परत टोचू.

२७ जानेवारी, मंगळवार

व्रण एकोणीस टक्क्यांवर आला. अपूर्वा मॅडमना एवढा आनंद की मला मिठी मारली. मी पण मारली. खोटं का लिहू, छान वाटलं.

घरी येऊन दादांना सांगितलं, पेढे आणा. ते खुर्चीत बसून शीळ घालत होते. हा माणूस शीळ घालतो हे मला माहीतच नव्हतं. त्यांचा व्रण आता दोन टक्के. मी म्हटलं, सुंदराबाई असत्या तर केवढ्या खूश झाल्या असत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, कोण सुंदराबाई?

मला आधी वाटलं थट्टा करतायत. पण डोळे स्वच्छ. खिशातला चष्मा काढून त्यांनी ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, हा कुणाचा आहे बघा हो, बायकांचा दिसतो, माझ्या खिशात कसा आला कळत नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

व्रण भरला म्हणून दादांना नव्वद दिवसांच्या आधीच घरी सोडलं. जाताना जय भीम म्हणाले, गोड हसले, माझ्या तब्येतीला आशीर्वाद दिला. चष्मा माझ्या पिशवीत आहे. टाकवला नाही.

काल त्यांना म्हटलं होतं, मला भीती वाटते, या घरात काहीतरी आहे, माणसाच्या आतलं उचलून नेतं. त्यांनी समजावलं की भूतबीत काही नसतं, बाबासाहेबांनी आपल्याला डोकं वापरायला शिकवलंय, दवाखान्यात तीस वर्षं काढली, एकही भूत भेटलं नाही. पटलं मला. भूत नाहीच हे. म्हणूनच जास्त भीती वाटते. भुताला नारळ तरी देता येतो.

आज आंघोळीला पोट बघितलं. भावेशच्या वेळेला पोट कापलं होतं, एवढी मोठी आडवी खूण होती. नाही. एक रेघसुद्धा नाही. लग्नाआधी होतं तसं पोट. आणि डाव्या हातावर त्याचं नाव, तो सहा महिन्यांचा असताना माहीमच्या जत्रेत गोंदवलेलं. सगळं गेलंय, फक्त पहिलं अक्षर उरलंय, तेही फिक्कट.

मी मोठ्याने शिवी दिली. कुणाला ते माहीत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

घाबरून बसणाऱ्यांतली मी नाही. आठवतं ते लिहून ठेवते. भावेश डावखुरा. जेवताना डाव्या हाताने जेवायचा, सासूबाई ओरडायच्या, तो ऐकायचा नाही. मला आय म्हणायचा नाही, बयो म्हणायचा. अंगाला डिझेलचा आणि चंदनाच्या साबणाचा वास. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, ओल्या पायांनी घरात आला की फरशीवर चारच बोटं उमटायची. लहानपणी मी त्याला चारबोट्या म्हणायचे.

त्याचा आवाज आठवत नाही. दोन तास प्रयत्न केला.

४ फेब्रुवारी, बुधवार

काल मांदेली तळली. सगळी खाल्ली. मस्त झाली होती. आज सकाळी ओट्यावर रिकामी ताटली दिसली आणि कळेना ही इथे का ठेवलीय. धुऊन फडताळात ठेवायला गेले आणि तेव्हा आठवलं.

त्याचा वाटा काढला नाही मी. दोन वर्षांत पहिल्यांदा. पोरगं उपाशी राहिलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अपूर्वा मॅडमकडे गेले आणि सरळ सांगितलं, काढा ते माझ्या आतून. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, पेशींनी व्रण दुरुस्त केला की मनावरचं ओझंही कमी होत असेल, चांगलंच आहे ना? मी म्हटलं, ओझं? ते माझं पोर आहे! मग स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. तीसपैकी तीस मार्क. शंभरातून सात वजा करत गेले, पाच शब्द उलटे सांगितले, शाळेतल्या बाईंचं नावसुद्धा आठवलं. भावेश कोण, हे त्या कागदावर विचारलेलंच नाही.

आता काही काढता येत नाही म्हणे. गोळ्या थांबवल्या तर शरीर पेशींना मारेल, पण आता त्यांच्याच जोरावर काळीज चाललंय, ते बंद पडेल. तेव्हा असा विचार मनातही आणू नका.

आणला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

किर्ती आली होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आये, दोन वर्षांनी तू हसायला लागलीस, मला माझी आय परत मिळाली, आणि तू मरायला निघालीस? भावेशदादा गेला, मी आहे ना? माझं काही नाही का तुला?

बरोबर आहे तिचं. ती गेल्यावर सुचलं ते लिहिते. किर्ती, मी तुम्हा दोघांची आय म्हणून मरेन. एकीचीच आय म्हणून जगायला मला सांगू नको. आज त्याला पुसतायत, उद्या तू परदेशी गेलीस आणि माझं काळीज दुखलं, तर तुलाही पुसतील.

रात्रीची गोळी जिभेखाली धरली. सिस्टर गेल्यावर उशीच्या अभ्र्यात टाकली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आठ गोळ्या झाल्या. दम लागतो. लागू दे.

त्याचा चेहरा येतो आणि जातो. फोटो किर्तीने नेलाय, मला त्रास नको म्हणून.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज छान वाटतंय! सकाळी चादर झटकताना उशीच्या अभ्र्यातून तेरा गोळ्या निघाल्या. हा वेंधळेपणा कुणाचा? माझाच असणार, वय झालं. सिस्टरला सांगितलं, ती घाबरली, मॅडमना फोन केला, तिथल्या तिथे सुई दिली आणि गोळी समोर उभं राहून गिळायला लावली. बोलली मला, पण प्रेमाने. दुपारपर्यंत दम गेला.

संध्याकाळी किर्ती आली. मोबाईलवर एक फोटो दाखवला. देखणा पोरगा, समुद्रावर रापलेला, हसरा. म्हटलं, हा कोण गो? ठरवलंस की काय परस्पर? आईला शेवटी सांगतेस होय? मी आपली चिडवत होते, तर ही ढसाढसा रडायला लागली. तोंडावर हात ठेवून निघूनच गेली.

काय वाईट बोलले मी? आजकालच्या मुली म्हणजे...

१४ फेब्रुवारी

वही पहिल्यापासून वाचली. सगळी. तीनदा.

तो भावेश होता. फोटोतला. मी माझ्या मुलाला म्हटलं हा कोण.

रडू येत नाही. डोळे चोळले तरी येत नाही. वाचते तर दुसऱ्या कुणा बाईची हकिगत वाटते. बिचारी, असं वाटतं. बिचारी! माझ्याच हातचं अक्षर आहे!

वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. सकाळी उठलीस की चहाआधी हे वाच. गोळी गिळू नकोस. गोळ्या संडासात टाक, उशीत नको.

१५ फेब्रुवारी

चहाआधी वाचलं. मला काहीच आठवत नाही. पण जी बाई हे लिहिते ती खोटं बोलणारी वाटत नाही. तिने सांगितलंय तर करायचं.

दोन्ही गोळ्या टाकल्या. ओट्यावर ताटलीत बोंबील ठेवला. कुणासाठी ते वहीत आहे.

१८ फेब्रुवारी

व्रण तीन टक्के म्हणाले. मॅडम खूश. मी पण हसले. आत म्हटलं, तीन तर तीन. तेवढ्याच जागेत पाय रोवून उभा राहा पोरा, मी येतेय.

वाचलं. टाकल्या. वाटा ठेवला.

२१ फेब्रुवारी

पायांना सूज. सिस्टर संशयाने बघते. जीभ वर करून दाखव म्हणते. दाखवते. गालात धरते. चाळीस वर्षं पोलिसांना टोपलीचा तळ दाखवला नाही मी, तू कोण?

वाचलं. टाकल्या. वाटा.

२३ फेब्रुवारी

आडवं झोपवत नाही. बसून लिहिते.

सुंदराबाईंचा चष्मा डोळ्यांना लावला. त्यांना सांगितलं, तुमच्या दादांचा दोष नाही हो, त्यांना वही लिहायला सांगितली नसेल.

डाव्या हातावर काहीतरी उमटतंय. निळसर. नख लावून बघितलं — जात नाही —

२४ फेब्रुवारी

सकाळी कळ आली. छातीत, डाव्या बाजूला. तीच. किनाऱ्यावरची.

दुखतंय. देवा, दुखतंय! किती बरं वाटतंय — कुणाला सांगू — रडू आलं, पदर भिजला —

आवाज आठवला. जाडा. बयो, भूक लागली. बयो —

किर्ती, राग धरू नको गो. फोटो पाठव. नको, राहू दे. दिसतोय —

२५ फेब्रुवारी

ताटली रिकामी. मी खाल्लं नाही.

फरशी ओली. ओट्यापासून माझ्या खाटेपर्यंत पावलं. वाकून मोजली — दम लागला — परत मोजली —

चार बोटं.

डिझेलचा वास येतोय. कोंडीरामदादा म्हणाले होते भूत नसतं. नाही दादा, भूत नाही. माझा आहे —

आठ वाजले. सिस्टर दार वाजवतेय, गोळी, गोळी म्हणतेय. मॅडमचा पण आवाज. किर्तीचा पण. वाजवा.

ये रे, बस. आधी बोंबील घे. डाव्याच हाताने जेव, कोण ओरडत नाही — हळू, काटा लागेल —

दार फोडा नाहीतर काही करा. पोर दोन वर्षांनी जेवायला बसलंय. त्याचं होईपर्यंत मी दार —